ऑगस्ट १९२८ चा खंड: बेळगावच्या एका जुन्या वाचनालयातली वृत्तपत्र-सेवा

बेळगावच्या जुन्या पेठेतल्या एका मराठी वाचनालयात जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड मागितल्यावर बसून वाचायला मिळतात. अशा सेवेची परीक्षा घ्यायला अख्खं दशक चाळायची गरज नाही, एक महिना पुरतो. फक्त तो महिना भरगच्च हवा. ऑगस्ट १९२८ तसा आहे. पॅरिसला युद्धत्यागाचा करार, लखनौला सर्वपक्षीय परिषद, बारडोलीची तडजोड, ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकचा समारोप आणि मुंबईत एप्रिलपासून चाललेला गिरणी संप, हे सगळं त्या एकतीस दिवसांत येतं. खंड कसे जपलेत, नोंदी खऱ्या आहेत का, प्रत कशी काढून देतात, हे या महिन्यावर पुरेपूर तपासता येतं.

खंड उत्तम जपलेले आहेत आणि माणसं मदत करणारी आहेत. नोंदवही मात्र कच्ची आहे आणि संगणकावरची शोधता येणारी प्रत सध्या भरवशाची नाही. तरीही सीमाभागातल्या वाचकाने एकदा हा महिना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा.

मागणीची चिठ्ठी आदल्या दिवशी द्यावी लागते. चिठ्ठीवर वृत्तपत्राचं नाव, महिना, साल आणि कपाटाचा क्रमांक लिहायचा असतो, आणि इथेच पहिली अडचण येते. काही खंडांच्या पाठीवर इंग्रजी साल आहे, काहींवर शके. १९२८ चा ऑगस्ट म्हणजे शके १८५०, पण शके चैत्रात बदलतो. त्यामुळे ‘शके १८५०’ लिहिलेल्या खंडात मार्च १९२८ च्या अखेरीपासून पुढचे अंक असतात आणि जानेवारी-फेब्रुवारी मागच्या खंडात राहतात. नोंदवहीत हा फरक धरलेला नाही. शिवाय त्या वर्षी अधिक श्रावण होता. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्यात अधिक महिना वेगवेगळा येऊ शकतो, म्हणून अंकावर छापलेल्या तिथीवरून इंग्रजी तारीख काढायच्या फंदात पडू नये. चिठ्ठीवर इंग्रजी तारीखच लिहावी आणि खंड हातात आल्यावर पहिल्या अंकाच्या मथळ्याखालची तारीख वाचूनच पुढे जावं.

खंड मिळाला की आधी मोजणी करायची. १ ऑगस्ट १९२८ ला बुधवार होता आणि ३१ ला शुक्रवार. म्हणजे बुधवारी, गुरुवारी किंवा शुक्रवारी निघणाऱ्या साप्ताहिकाचे त्या महिन्यात पाच अंक हवेत, बाकी वारांचे चार. दैनिक असेल तर सुट्टीचा वार वजा करून मोजावं. अधिक महिन्यामुळे गणेशोत्सव त्या वर्षी सप्टेंबरात गेला होता, तेव्हा ऑगस्टमधला अंक नसेल तर ‘गणपतीची सुट्टी असेल’ असं समजू नये. तो अंक गहाळच आहे. तपासलेल्या खंडात साप्ताहिकाचा एक अंक उलटा बांधलेला आहे आणि एका दैनिकाची मधली चार पानं नाहीत. नोंदवहीत दोन्हींपुढे ‘पूर्ण’ लिहिलं आहे. ग्रंथपालांना दाखवल्यावर त्यांनी लगेच पेन्सिलीने दुरुस्ती केली, पण ही मोजणी वाचनालयानेच एकदा सलग करून घ्यायला हवी. वाचकांनी एकेक चूक दाखवत राहायची म्हटलं तर पन्नास वर्षं लागतील.

आता वाचनाकडे. परदेशच्या बातमीला तीन तारखा असतात: घटना घडली ती, तार निघाली ती आणि अंक छापला ती. बहुतेक चुका या तिन्ही एक मानल्याने होतात. मजकुराच्या सुरुवातीला ‘लंडन, ता. अमुक’ असं दिसतं ती तारेची तारीख, आणि लंडनहून तार निघाली म्हणून घटना लंडनची असं नव्हे. पॅरिसची, बेलग्रेडची, अथेन्सची बातमी बहुतेक वेळा लंडनवरूनच यायची. तारांचं काम तेव्हा वेगवान झालं होतं. समुद्राखालच्या तारा होत्याच, शिवाय सप्टेंबर १९२७ पासून इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बीम वायरलेस, म्हणजे एका दिशेने रोखलेली बिनतारी संदेशसेवा, सुरू झाली होती. तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. मुंबईपर्यंत बातमी काही तासांत पोचे. तिथून बेळगावला मात्र छापील अंक गाडीनेच येणार: मुंबई ते पुणे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे, पुण्याला गाडी बदलून पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटर गेजवरून मिरज, मग बेळगाव. स्थानिक साप्ताहिकाचा संपादक मुंबईच्या अंकावरून बातमी घेत असेल तर हा प्रवासही हिशेबात धरावा लागतो.

एक हिशेब करून पाहा. युद्धत्यागाच्या करारावर, म्हणजे केलॉग-ब्रियाँ करारावर, सह्या झाल्या सोमवारी, २७ ऑगस्टला, पॅरिसच्या परराष्ट्र खात्यात, दुपारी. फ्रान्समध्ये उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे ग्रीनिचच्या एक तास पुढे. तिथे दुपारचे तीन वाजले की भारतीय प्रमाणवेळेने संध्याकाळचे साडेसात. मुंबई शहर तर तेव्हा स्वतःची वेळ पाळत होतं, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हा सोमवारच्या अंकात ‘आज सह्या होणार’ एवढंच शोधावं, प्रत्यक्ष समारंभ मंगळवार २८ च्या किंवा त्यानंतरच्या अंकात. साप्ताहिकात तो त्या आठवड्याच्या अखेरीस किंवा थेट सप्टेंबरच्या पहिल्या अंकात येईल, आणि वाचनालयाने सप्टेंबर वेगळ्या खंडात बांधला आहे. दोन्ही खंडांची चिठ्ठी एकदम दिली नाही तर महिन्यातली सर्वांत मोठी बातमीच हातून निसटते.

हा करार नेमका काय होता, हे ठाऊक असेल तर त्या आठवड्यातली पानं वेगळी दिसतात. कलमं जेमतेम तीन. पहिल्यात राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग, दुसऱ्यात तंटे शांततेच्या मार्गानेच सोडवण्याचं वचन, तिसऱ्यात मान्यतेची पद्धत. वचन मोडलं तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी सही करणारे पंधरा. अमेरिकेतर्फे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग, फ्रान्सतर्फे आरिस्तिद ब्रियाँ, आणि प्रकृती बरी नसतानाही जर्मनीहून आलेले परराष्ट्रमंत्री श्ट्रेसेमान. या पंधरांत ‘हिंदुस्थान’ हे नावही आहे. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन आजारी असल्याने लॉर्ड कुशेंडन आले होते. त्यांनी ग्रेट ब्रिटनसाठी सही केली आणि हिंदुस्थानसाठीही त्यांनीच केली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड यांचे प्रतिनिधी मात्र त्यांचे स्वतःचे होते.

आणि दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, लखनौला डॉ. अन्सारींच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय परिषद सुरू झाली. तिच्यापुढे होता मोतीलाल नेहरूंच्या समितीचा अहवाल, १० ऑगस्टचा: हिंदुस्थानची राज्यघटना हिंदी माणसांनीच लिहून दाखवलेली, वसाहतीचा दर्जा (साम्राज्यात राहून स्वराज्य) मागणारी. समितीत तेजबहादूर सप्रू, अली इमाम, सुभाषचंद्र बोस होते, विदर्भाचे माधवराव अणेही होते. पॅरिसला देशाच्या नावाने परका उमराव सही करतो आणि चोवीस तासांत लखनौला देशातली माणसं आपल्या घटनेवर चर्चेला बसतात. कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात. बांधीव खंडात त्या एका पानाच्या अंतरावर येतात. या सेवेचं खरं मोल इथे आहे, आणि म्हणूनच एखादा शब्द शोधून तेवढंच कात्रण काढण्याऐवजी सलग वाचा असं आग्रहाने सांगावंसं वाटतं.

सीमाभागातल्या वाचकासाठी त्याच अहवालात आणखी काही आहे. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शहराला लागून असलेलं शहापूर तर सांगली संस्थानचं. नेहरू अहवालाने प्रांतांची फेररचना करताना भाषेला महत्त्व द्यावं असं म्हटलं आणि कर्नाटकाचा वेगळा प्रांत व्हावा अशी शिफारस केली. काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या १९२० सालीच भाषेवार केल्या होत्या, आणि १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन बेळगावातच भरलं होतं. इथला सीमावाद १९५६ पासून सुरू झाला असं धरून चालणाऱ्या प्रत्येकाने, तो मराठी बाजूचा असो वा कन्नड, ऑगस्ट १९२८ च्या उत्तरार्धातले अंक उघडावेत. अहवाल लांबलचक आहे. वृत्तपत्रं असा मजकूर तुकड्या-तुकड्यांनी आणि सारांशाने छापतात, म्हणून एका अंकात प्रांतरचनेचा भाग दिसला नाही तर पुढचे तीन-चार अंक पाहावेत. संपादकीय आणि वाचकांची पत्रं सोडू नयेत. आणि शक्य असेल तर त्याच आठवड्याचं एखादं कन्नड पत्र शेजारी ठेवावं. या वाचनालयात कन्नड खंड नाहीत ही मोठी उणीव आहे, विशेषतः या शहरात.

बारडोलीची बातमी परदेशची नसली तरी ती त्या महिन्यात जगभर गेली. सुरत जिल्ह्यातला तो तालुका, म्हणजे सरकार तेच, मुंबईचं. शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवल्यावर १२ फेब्रुवारीपासून वल्लभभाई पटेलांनी साराबंदी चालवली होती, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने चौकशी मान्य करून तडजोड केली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांच्या चौकशीने वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली, पण ते १९२९ मध्ये. ऑगस्टच्या अंकात सहा टक्के शोधणाऱ्याला काही सापडणार नाही.

अशीच गफलत हॉकीची होते. ॲमस्टरडॅम ऑलिंपिक म्हटलं की लोक ऑगस्टचा खंड मागतात, कारण समारोप रविवार १२ ऑगस्टला झाला. हॉकीचे सामने मात्र मे महिन्यात झाले; जयपालसिंग कर्णधार असलेल्या हिंदुस्थानच्या संघाने अंतिम सामन्यात हॉलंडला ३-० ने हरवलं ते २६ मे रोजी. ध्यानचंद यांचे त्या स्पर्धेतले १४ गोल मे-जूनच्या खंडांत शोधा. ऑगस्टमध्ये सापडतील त्या मैदानी शर्यती: २ तारखेला जपानच्या मिकिओ ओदाचं तिहेरी उडीतलं सुवर्ण, वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला आशियाई, त्याच दिवशी जपानच्याच किनुए हितोमीचं ८०० मीटरमधलं रौप्य, आणि ५ तारखेला मूळ अल्जेरियाच्या एल वाफीने फ्रान्ससाठी जिंकलेली मॅरेथॉन.

बाकीच्या तारा छोट्या असतात, चार-सहा ओळींच्या, आतल्या पानावर. युगोस्लाव्हियाच्या संसदेत जूनमध्ये गोळी लागलेले क्रोएट नेते राडिच ८ ऑगस्टला वारले. रविवार १९ ला ग्रीसमध्ये व्हेनिझेलॉसचा पक्ष निवडून आला आणि त्याच दिवशी ब्रिटनचे माजी मंत्री लॉर्ड हॉल्डेन यांचं निधन झालं. हर्बर्ट हूवर यांनी कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण केलं ते शनिवारी ११ तारखेला. गरिबीवर अखेरचा विजय जवळ आल्याचं सांगणारं भाषण, आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळायला तेव्हा सव्वा वर्षही उरलं नव्हतं. कॅलिफोर्नियाची शनिवार संध्याकाळ म्हणजे इथे रविवार उजाडलेला, तेव्हा ही तार सोमवारच्या आधी शोधू नये.

रकमा दिसल्या की लगेच हिशेब करता यावा म्हणून एक दर लक्षात ठेवावा. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स ठरला होता, म्हणून एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. डॉलर साधारण पावणेतीन रुपयांचा.

आता प्रतींविषयी. वाचनालय तीन प्रकारे प्रत देतं: झेरॉक्स, वरून घेतलेलं छायाचित्र आणि शोधता येणारी पीडीएफ. झेरॉक्स मागूच नये. खंड काचेवर उपडा दाबावा लागतो, शिवण तुटते, आणि शिवणीलगतचा स्तंभ तरीही काळपट येतो. मोबाइलने स्वतः फोटो काढायची परवानगी आहे, हा या सेवेचा मोठा गुण. खंड पूर्ण सपाट उघडू नये, दोन्ही बाजूंना उशा देऊन इंग्रजी व्ही आकारात ठेवावा. वाचनालयाकडे फोमच्या उतरत्या गाद्या आहेत, त्या मागून घ्याव्यात. फ्लॅश बंद. रुंद कोनाची लेन्स वापरू नये, कडेची अक्षरं वाकतात. पान मोठं असल्याने अर्धं-अर्धं घ्यावं, मध्ये दोन बोटं मजकूर दोन्हींत येऊ द्यावा. प्रत्येक अंकाचा पहिला फोटो मथळ्याचा आणि तारखेचा, मग पानं. फाइलला त्याच दिवशी ‘१९२८-०८-२८-पान-३’ असं नाव द्यावं. आठवड्याने कुठला फोटो कुठल्या अंकाचा ते ओळखणं अशक्य होतं.

शोधता येणाऱ्या पीडीएफचे जास्तीचे पैसे घेतात, ते सध्या देऊ नयेत. छपाईचे जुने खिळे झिजलेले, शाई पसरलेली, त्यामुळे संगणक ‘ख’ ला ‘रव’ वाचतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल करतो. अंकांत १ आणि ९ यांचा घोळ होतो, म्हणजे ११ तारीख १९ होऊन बसते. शेजारचे दोन स्तंभ आडवे जोडून एकच ओळ बनवली जाते, हे सर्वांत वाईट. त्यातून जुनं लेखन वेगळं. ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यांत’, ‘बेळगांव’ असे अनुस्वार तेव्हा नेमाने लिहीत, म्हणून आजच्या रूपाने शोधलं तर शून्य निकाल येतात. परदेशी नावांना ठरलेलं रूप नव्हतं. ब्रियाँ शोधताना ‘ब्रायंड’, ‘ब्रिआं’ही टाकून पाहावं, पॅरिससाठी ‘पारिस’, ‘पॅरीस’. वाचनालयाने स्तंभ वेगळे कापून मग संगणकाकडे दिले तर निम्म्या चुका तिथेच संपतील. प्रतीचं काम करणाऱ्या मुलांना हे सांगितलं, त्यांना पटलंही.

तारेतला एखादा आकडा पुसट असेल तर ताळा करायला घरबसल्या तीन विनामूल्य संग्रह आहेत: ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचा ‘पेपर्स पास्ट’ आणि सिंगापूरचा ‘न्यूजपेपरएसजी’. लंडनहून निघालेली तार बहुतेकदा तिकडच्या पत्रांतही त्याच एक-दोन दिवसांत छापलेली सापडते. मराठी अनुवादात काय गाळलं, काय भर घातली, हेही त्यावरून कळतं.

जपणुकीबद्दल वाचनालयाचं मनापासून कौतुक करायला हवं. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. इथे कपाटं बाहेरच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढलेली आहेत, पावसाळ्यातली ओल थेट लागत नाही. फाटलेल्या कडा गव्हाच्या खळीने आणि पातळ जपानी कागदाने सांधल्यात. सेलोटेप कुठेही नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जुन्या बाइंडिंगमध्ये मात्र पानं शिवणीपाशी फार आत घेतली आहेत, आतल्या स्तंभाची पहिली दोन-तीन अक्षरं दिसत नाहीत. ती शिवण उकलून पुन्हा बांधणं हे कुशल कारागिराचं आणि खर्चाचं काम आहे, तोवर तिथे जोर लावून पान ओढू नये.

पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून, तळहात खाली सरकवत उलटावं. हात कोरडे, क्रीम न लावलेले. पेन्सिल चालते, पेन नाही. कुंद्याची (बेळगावच्या मिठाईची) पुडी पिशवीतच ठेवून पिशवी दाराशी ठेवावी. तूप आणि साखर म्हणजे कसरीला आमंत्रण.

जायचं कधी, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बेळगावच्या पावसाळ्यात पानं ओल धरून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि बुरशीचा वास डोक्यात जातो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच कागद पापडासारखा तडकतो. वाचायला खिडकीलगतचं टेबल मागावं, पण उन्हाची तिरीप थेट पानावर पडू देऊ नये. एका वेळी एकच खंड देतात आणि एका दिवसात नीट वाचून दैनिकाचे आठ-दहा अंक होतात, म्हणजे अख्ख्या महिन्याला तीन-चार दिवस धरावेत. पहिल्याच दिवशी तीन चिठ्ठ्या लिहून ठेवा: ऑगस्टची, सप्टेंबरची आणि मे १९२८ ची. मेमध्ये हॉकी तर आहेच, शिवाय १९ मे चं ब्रिटनचं पत्रही आहे, ज्यात करार मान्य करतानाच जगातल्या काही प्रदेशांपुरती मोकळीक ब्रिटनने स्वतःकडे राखून ठेवली होती. ते आधी वाचलं की २७ ऑगस्टच्या सह्यांची बातमी वाचताना प्रत्येक नावापाशी थांबावं लागतं.